चाकांवरच्या घराला अंगण हवे!

अमेरिकेत गावाकडे दोन-चार एकरांवरचे घर घ्यावे आणि त्याच्या दारात आपली ‘आरव्ही’ उभी करावी, हे स्वप्न तेथील अनेकांचे असते. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही त्याचे आकर्षण वाटल्यास नवल नाही. मात्र मोकळी जागा दिसली म्हणजे तेथे गाडी उभी करण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही. त्या हक्काचा निर्णय ज्या गोष्टींवर होतो, त्यांपैकी बहुतेक घर पाहताना दिसतच नाहीत.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अमेरिकेच्या महामार्गांवर घरे धावू लागतात. ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ अर्थात आरव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाहनांत स्वयंपाकघर, बिछाने, स्नानगृह अशी सारी सोय असते. स्वतःचे इंजिन असलेले ते ‘मोटरहोम’ आणि दुसऱ्या गाडीने ओढून न्यायचा तो ‘ट्रेलर’, असे त्यांचे ढोबळ दोन प्रकार. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट आणि त्याचा परिसर हे या उद्योगाचे माहेरघर मानले जाते. कोरोनाच्या साथीत विमानप्रवास आणि हॉटेले यांना पर्याय म्हणून या वाहनांकडे लोकांचा ओढा वाढला आणि २०२१ या एका वर्षात सुमारे सहा लाख आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. हा उच्चांक होता.

प्रवास संपल्यावर मात्र प्रश्न उभा राहतो, तो हे वाहन ठेवायचे कुठे, हा. उपनगरांतील घरांपुढचा ड्राइव्हवे आखूड असतो आणि वसाहतीचे नियम कडक असतात. भाड्याच्या तळावर गाडी ठेवावी, तर दरमहा पैसे मोजावे लागतात. साहजिकच ‘शहराबाहेर घर घेतले की प्रश्न मिटला’ असा विचार पुढे येतो. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेली पिढी आता निवृत्त झाली आहे, तर माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील काही तरुण कुटुंबांना घरून काम करण्याची मुभा मिळाली आहे. आयुष्यभराची बचत किंवा तीस वर्षांचे कर्ज या निर्णयात गुंतत असल्याने, तो केवळ जागेची ऐसपैसता पाहून घेणे धोक्याचे ठरते.

आधी गाडीचे माप

जमीन पाहण्यापूर्वी गाडीचे माप घेणे श्रेयस्कर. व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली छोटी मोटरहोम वीस फुटांच्या आसपास असते. बससारखी दिसणारी मोठी मोटरहोम ४५ फुटांपर्यंत जाते. रुंदी साडेआठ फुटांपर्यंत, तर वातानुकूलन यंत्रासह उंची १२ ते १३ फुटांपर्यंत भरते. मोठ्या गाडीचे वजन दहा टनांहून अधिक असू शकते. शिवाय अनेक गाड्यांच्या भिंती मुक्कामाच्या ठिकाणी दोन-तीन फूट बाहेर सरकतात आणि दारावर छतही उघडते. म्हणजे साडेआठ फुटांच्या गाडीला प्रत्यक्षात १४-१५ फुटांचा पट्टा लागतो.

जागा पुरेशी असून भागत नाही. तेथवर पोहोचताही आले पाहिजे. मागच्या चाकांच्या मागे कित्येक फूट लोंबणारा गाडीचा भाग चढाच्या ड्राइव्हवेवर जमिनीला घासतो. रस्त्याकडेच्या चारीवर टाकलेला जुना नळा दहा टनांचा भार सोसेलच असे नाही. झाडांच्या खाली आलेल्या फांद्या, घराकडे येणारी वीजतार, वाटेतील छोट्या पुलाची भारमर्यादा या साऱ्या गोष्टी मोटारीतून घर पाहायला आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाहीत. ट्रेलर घेऊन फाटकातून एका दमात आत वळता येते का आणि वळसा घालून बाहेर निघता येते का, हे प्रत्यक्ष टेप लावून पाहिलेले बरे.

काउंटी काय म्हणते?

आपल्याकडे जमिनीचा वापर ठरवणारी यंत्रणा जशी जिल्हाधिकारी आणि नियोजन प्राधिकरण यांच्या हाती असते, तशी अमेरिकेत ती बहुतांशी काउंटी, शहर किंवा टाउनशिप यांच्या हाती असते. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये सर्वंकष ‘झोनिंग’ नियम केले आणि १९२६ मध्ये ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांना मान्यता दिली. तेव्हापासून जमीन कुणाचीही असो, तिच्यावर काय करता येईल हे तिच्या विभागावर अवलंबून राहते.

आरव्हीबाबत हे नियम गावोगाव बदलतात. कुठे घराच्या पुढील बाजूस ती उभी करण्यास मनाई असते. कुठे हद्दीपासून ठरावीक सामासिक अंतर सोडावे लागते. कुठे कुंपणाआड किंवा झाडांआड ठेवण्याची अट असते. तर कुठे गाडीची लांबी आणि संख्या यांवर मर्यादा असते. काही ठिकाणी घर नसलेल्या मोकळ्या भूखंडावर आरव्ही ठेवताच येत नाही. टेक्सासमधील काउंटींना सर्वसाधारणपणे झोनिंगचे अधिकार नाहीत. पण म्हणून तेथे सारे मोकळे रान आहे असे समजणे चूक. सांडपाण्याचे नियम आणि खरेदीखतातील बंधने तेथेही लागू असतात.

या संदर्भात एक गैरसमज हमखास आढळतो. ‘शेजाऱ्याच्या अंगणात आरव्ही उभी आहे, म्हणजे परवानगी असणारच’, असे खरेदीदार गृहीत धरतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी या नियमांची अंमलबजावणी तक्रार आली तरच होते. शेजाऱ्याविरुद्ध आजवर कुणी तक्रार केलेली नसेल, इतकाच त्याचा अर्थ. कदाचित त्याचा वापर नियम येण्यापूर्वीपासूनचा असल्याने त्याला जुन्या वापराचे संरक्षण मिळाले असेल. ते नव्या शेजाऱ्याला मिळत नाही. तक्रार झाल्यास नोटीस येते आणि अनेक ठिकाणी नियमभंग चालू राहील तितके दिवस दंड वाढत जातो.

यावर उपाय सोपा आहे. घराचा पार्सल क्रमांक घेऊन काउंटीच्या नियोजन कार्यालयाकडे जावे, गाडीची लांबी आणि ती जेथे उभी राहील ती जागा सांगावी आणि उत्तर लेखी मागावे. एजंटचे तोंडी आश्वासन किंवा जाहिरातीतील ‘आरव्हीसाठी जागा’ हे शब्द म्हणजे परवानगी नव्हे.

कायद्यापलीकडचा करार

काउंटीची हरकत नसली तरी अडथळा संपत नाही. जमीन पाडून विकणाऱ्या विकासकाने अनेकदा मूळ दस्तातच काही बंधने नोंदवून ठेवलेली असतात. ही बंधने माणसाशी नव्हे, तर जमिनीशी बांधलेली असतात. मालक बदलला तरी ती कायम राहतात आणि नव्या मालकाने ती वाचलेली नसली तरी त्याला लागू होतात. त्यांची अंमलबजावणी घरमालकांची संघटना, अर्थात ‘एचओए’ करते. आपल्याकडील गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींशी त्यांचे साधर्म्य आहे. पण येथे ती स्वतंत्र बंगल्याच्या अंगणापर्यंत पोहोचतात.

एचओए केवळ शहरी वसाहतींत असते, हा समजही खरा नाही. पाच-पाच एकरांचे तुकडे पाडलेल्या ग्रामीण भागातही अशी संघटना असू शकते आणि तिने ‘रस्त्यावरून दिसेल अशी आरव्ही नको’ असा नियम केलेला असू शकतो. काउंटी परवानगी देते आणि करार नाकारतो, अशा वेळी कडक असेल ते बंधन पाळावे लागते. दंड आणि वर्गणी थकल्यास अनेक राज्यांत घरावर बोजा चढवता येतो. म्हणून संघटनेचे सर्व दस्त आणि त्यांतील दुरुस्त्या सौदा पक्का होण्यापूर्वी मागवून घ्याव्यात. संघटना आता निष्क्रिय आहे, असे सांगण्यात आले तरी बंधने नोंदलेलीच असतात. ती एखादा शेजारीही न्यायालयात पुढे करू शकतो.

हिरवळीखाली काय दडले आहे?

ग्रामीण घरात सर्वांत महाग पडणारी चूक बहुधा जमिनीखाली होते. अमेरिकेतील सुमारे पाचपैकी एका घराचे सांडपाणी सार्वजनिक गटारात न जाता स्वतःच्या सेप्टिक यंत्रणेत जाते आणि खेड्यांत तर हाच प्रघात असतो. टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी सच्छिद्र नळ्यांच्या जाळ्यातून जमिनीत मुरते. हे शोषक्षेत्र सपाट, मोकळ्या, उन्हाच्या जागी असते. त्यावर झाडे लावत नाहीत. केवळ गवत असते. परिणामी घर पाहायला आलेल्या माणसाला ‘गाडीसाठी अगदी योग्य’ वाटणारी जागा नेमकी तीच निघण्याचा संभव असतो.

तेथे दहा टनांचे वाहन उभे केले तर माती दाबली जाते, नळ्या फुटतात, पाणी मुरणे थांबते आणि सांडपाणी वर येते किंवा घरात उलटते. त्यावर खडी टाकणे किंवा काँक्रीट घालणे हा इलाज नाही. कारण मुरण्यासाठी मातीला हवा लागते. नवे शोषक्षेत्र करायचे तर माती पाणी किती वेगाने शोषते याची चाचणी, नवी परवानगी आणि पुरेशी दुसरी जागा, असे सारे लागते. अनेक ठिकाणी त्यासाठी राखीव क्षेत्रही आधीच आखून ठेवलेले असते आणि त्यावरही बांधकाम करता येत नाही. म्हणजे दोन एकरांच्या भूखंडातून घर, विहीर, शोषक्षेत्र, राखीव क्षेत्र, त्यांच्यामधील सक्तीची अंतरे आणि सामासिक जागा वजा केल्यावर गाडीसाठी उरणारा तुकडा फारच लहान असू शकतो. आरोग्य विभागाकडे असलेला सेप्टिकचा नकाशा मागवणे आणि टाकी उघडून तपासून घेणे, हे म्हणूनच अत्यावश्यक. टाकी दर तीन ते पाच वर्षांनी उपसावी, असा केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे; मागील उपशाची पावती विक्रेत्याकडे असायला हवी.

आरव्हीतील मैलापाण्याची टाकी घरच्या सेप्टिकमध्ये रिकामी करावी, हा विचारही तपासून घ्यावा. काही ठिकाणी त्यास स्वतंत्र परवानगी लागते, तर काही ठिकाणी मनाई असते. दुर्गंधी मारण्यासाठी या टाक्यांत टाकली जाणारी काही रसायने सेप्टिकमधील जीवाणूंनाही मारक ठरतात.

हद्द आणि वाट

अमेरिकेत सातबारा नसतो. मालकीचे दस्त काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदलेले असतात आणि तेथपर्यंतची मालकीची साखळी निर्वेध आहे याची हमी ‘टायटल इन्शुरन्स’ देणारी कंपनी घेते. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेली ही विम्याची पद्धत आज तेथील खरेदीचा भाग बनली आहे. मात्र नेहमीच्या पॉलिसीत मोजणीशिवाय कळणार नाहीत अशा बाबी वगळलेल्या असतात, हे ध्यानात ठेवावे.

मध्य आणि पश्चिम अमेरिकेत १७८५ च्या कायद्यानुसार जमिनीची चौकटबंद मोजणी झाली. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे ३६ विभाग आणि प्रत्येक विभाग ६४० एकरांचा. पूर्वेकडील जुन्या राज्यांत मात्र हद्दी दगड, ओढे, झाडे यांच्या खुणांनी सांगितल्या गेल्या. खूण नाहीशी झाली की वाद उरतो. काउंटीच्या संकेतस्थळावरील नकाशात दिसणारी रेषा केवळ अंदाज देते. तिच्या भरवशावर हद्दीलगत खडी टाकणे योग्य नव्हे. परवानाधारक मोजणीदाराकडून हद्दीच्या खुणा रोवून घेण्याचा खर्च पुढील भांडणापेक्षा निश्चितच कमी असतो.

मोजणीतच वहिवाटीचे हक्क दिसून येतात. वीज कंपनीचा पट्टा भूखंडातून जात असेल, तर त्यावर शेड बांधता येत नाही. घरापर्यंतची वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून असेल, तर तो हक्क लेखी आणि नोंदणीकृत आहे का, वाटेची रुंदी किती, दुरुस्ती आणि हिवाळ्यातील बर्फ काढण्याचा खर्च कुणाचा, हे प्रश्न विचारावेच लागतात. खासगी रस्त्यावरील बर्फ काउंटी सहसा काढत नाही. बांधावरून वाट अडवल्याचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चाललेले पाहणाऱ्या मराठी माणसाला या प्रश्नांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

जमिनीला शेतीच्या कराची सवलत असेल, तर तेही पाहावे. मराठी वस्ती मोठ्या प्रमाणावर असलेल्या न्यूजर्सीत १९६४ च्या कायद्यानुसार किमान पाच एकर शेतीखाली असल्यास अशी सवलत मिळते. शेतीचा वापर बदलला, तर त्या वर्षाचा आणि मागील दोन वर्षांचा कराचा फरक भरावा लागतो. स्वस्त कर पाहून घर घेणाऱ्याला ही आकारणी अनपेक्षित धक्का देते.

वीज, पाणी आणि पाहुणे

उभ्या गाडीलाही वीज लागते. लहान आरव्हीसाठी ३० अँपिअर, १२० व्होल्टची जोडणी असते. तीतून ३,६०० वॅट मिळतात. मोठ्या गाडीच्या ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा असतात आणि क्षमता १२,००० वॅटपर्यंत जाते. येथे एक नेहमीची, पण घातक चूक होते. ३० अँपिअरचा सॉकेट कपडे वाळवण्याच्या यंत्राचा समजून त्याला २४० व्होल्ट जोडले जातात आणि गाडी लावताच आतील उपकरणे जळतात. काम आरव्हीची माहिती असलेल्या परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि गाडी जोडण्यापूर्वी व्होल्टेज मोजावे. जुन्या शेतघरातील मूळ वीजजोडणी हा वाढीव भार पेलेल का, हेही आधी विचारावे.

पाणी बहुधा स्वतःच्या कूपनलिकेचे असते आणि खासगी विहिरीच्या पाण्याच्या शुद्धतेची जबाबदारी मालकाचीच असते. जीवाणू आणि नायट्रेट यांची चाचणी दरवर्षी करावी, असा सल्ला दिला जातो. खरेदीपूर्वीची चाचणी त्याहून महत्त्वाची. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही. त्यामुळे केंद्रीय पूर-नकाशावर घराबरोबरच गाडीची जागाही पाहून घ्यावी. ओढ्याकाठची सखल जागा उन्हाळ्यात जितकी रमणीय, तितकीच पावसात जोखमीची.

मराठी घरांपुढे आणखी एक मोह असतो. भारतातून आई-वडील पर्यटक व्हिसावर येतात आणि सहा महिन्यांपर्यंत राहतात. ‘घरात खोली कमी पडली तर गाडीत झोपायची सोय आहेच’, असे सहज म्हटले जाते. परंतु आरव्ही उभी करणे आणि तीत राहणे, या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. आरव्ही हे कायमस्वरूपी निवासासाठीचे घर नव्हे, हीच भूमिका केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या २०१८ च्या नियमातही घेतलेली आहे. अनेक काउंटींत घरापाशी उभ्या गाडीत पाहुण्यांना ठरावीक दिवसच राहता येते, तर काही ठिकाणी मुळीच नाही. वृद्ध आई-वडिलांच्या मुक्कामाच्या मध्यावर अशी नोटीस दारावर लागणे, हा प्रसंग कुणालाही नकोसाच वाटेल.

अट आधी, सही नंतर

हे सारे तपासायला वेळ लागतो आणि चांगल्या घराला ग्राहक थांबत नाहीत. यावर तेथील व्यवहारातच तोड आहे. खरेदीचा प्रस्ताव देताना अटी घालता येतात. घराची, सेप्टिकची आणि विहिरीची तपासणी समाधानकारक असावी, कर्ज मंजूर व्हावे, या अटी रूढ आहेत. त्यांच्याच जोडीला ‘अमुक लांबीची आरव्ही अमुक जागी ठेवण्यास काउंटीची आणि दस्तातील बंधनांची हरकत नसल्याची खात्री पटावी’ अशी अट स्थानिक वकिलाकडून लिहून घ्यावी. मुदतीत खात्री पटली नाही, तर विसाराची रक्कम परत घेऊन बाहेर पडता येते. मुदत उलटल्यावर, किंवा स्पर्धेच्या भरात अटी सोडून दिल्यावर, ती वाट बंद होते.

बाहेर पडण्याची वाट कामाच्या व्हिसावर असलेल्यांना तर अधिकच मोलाची. नोकरी गेल्यास एच-१बी व्हिसाधारकाला सर्वसाधारणपणे ६० दिवसांपर्यंतचीच सवलत मिळते. शहरातील घराच्या तुलनेत दूरच्या खेड्यातील घराला ग्राहक मिळण्यास वेळ लागू शकतो. घर, गाडी आणि देश या तिन्हींचा निर्णय दोन महिन्यांत घेण्याची वेळ आलीच, तर निर्वेध कागदपत्रांचे घर तरी हाताशी असावे.

गावाकडचे घर म्हणजे नियमांपासून सुटका, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तेथे शहरातील नगरपालिकेची बरीचशी कामे घरमालकाच्या अंगावर येतात आणि नियम केवळ निराळ्या दप्तरांत असतात. ती दप्तरे उघडायला फार तर दोन आठवडे आणि थोडे पैसे लागतात. ती न उघडता घर घेणाऱ्यावर मात्र अंगण असूनही गाडी भाड्याच्या तळावर ठेवण्याची पाळी येते. म्हणून अंगणात प्रथम आणायची ती गाडी नव्हे. सेप्टिकचा नकाशा, मोजणीच्या खुणा आणि काउंटीचे लेखी उत्तर. गाडी त्यानंतर खुशाल यावी.